आर्किटेक्ट कोण?

हसा खुशाल, पण त्या दिवशी माझी पीएचडी काही कामाला आली नाही. बदलापूरजवळ चामटोलीच्या आमच्या आर्किटेक्चर कॉलेजात तपासणी समिती आली होती. पदवीची मान्यता गेली असती, तर पुढचे प्रवेशच बंद. आणि प्राचार्य मी.

संस्थाचालक भाऊंना आधीच बजावलं होतं, "काहीही विचारलं तरी 'सर सांगतील' एवढंच म्हणा."

भाऊंनी शब्द पाळला. शिक्षक कमी का? सर सांगतील. ग्रंथालयाला कुलूप का? सर सांगतील. शिपायाने "चहात साखर किती?" विचारलं, तेव्हाही, "सर सांगतील."

मग समितीच्या अध्यक्षबाईंनी वर पाहत विचारलं, "इमारत हवेशीर आहे हो. आर्किटेक्ट कोण?"

एखादं नाव ठोकून द्यावं, तर तेही सुचेना. माझी अवस्था पाहून भाऊंना दया आली.

"मॅडम, हे मी सांगतो," ते छाती फुगवून म्हणाले. "आर्किटेक्ट लावलाच नाही. फालतू खर्चा कशाला? आमच्या मेव्हण्याने उभी केली. कॉन्ट्रॅक्टर आहे तो, एकदम टॉप."

बाई माझ्याकडे वळल्या. "सर, हे खरं?"

"भाऊ सांगतील," मी म्हणालो.

बाईंना हसू आवरेना. मान्यता मिळाली, पण एका अटीवर: पुढचा मजला आर्किटेक्टकडूनच बांधून घ्यायचा.

समिती गेल्यावर भाऊ म्हणाले, "लावू की आर्किटेक्ट. सर, मेव्हण्याच्या पोराला तेवढी ॲडमिशन द्या, आणि मजल्याला पाच वर्षं थांबा."