राजाचं स्थळ

तेर गावच्या एका दोस्तासाठी मी वेबसाइट केली होती, तेव्हाची गंमत ऐका. तिच्यात एक विभाग वधू-वरांचा आणि दुसरा जनावरांच्या बाजाराचा. दोन्हीकडं वरची पट्टी, रंग, बटणं सारखीच. त्यात वधू-वरातली 'अधिक माहिती'ची लिंक चुकून बाजाराला जोडली गेली. आपण दुसरीकडंच पोचलोय, हे बघणाऱ्याला कळायचंच नाही.

माकणीहून दत्तूमामांचा फोन आला. ते त्याच वेबसाइटवर लेकीसाठी, सुमीसाठी, स्थळं बघत होते.

"हे राजा नावाचं स्थळ लई आवडलं बघ," मामा म्हणाले. "फोटो तेवढा न्हाय. पण अंगानं धडधाकट, कामाला वाघ, स्वभाव गरीब. डावा पाय जरा अधू हाय, ते बी सरळ लिवलंय. असं कोण लिवतं रं? सुमीला बी पटलंय. रविवारी बोलवावं म्हणतो."

मी ते पान उघडलं.

"मामा, तो बैल आहे."

मामा ते पान पुन्हा पुटपुटत वाचू लागले.

"खाली मालकाचं नाव हाय, जळकोटचा," ते शेवटी म्हणाले. "माणूस खरा दिसतोय. त्याला पोरगा हाय का, तेवढं बघ."