किसिंजरवरच्या व्याख्यानाआधी

(मुलुंड, १९८३. शाळेच्या हॉलमागची खोली. बाहेर व्याख्यानमालेला लोक जमलेत.)

नीला: फळ्यावरचा विषय आत्ता वाचला मी, भाऊजी. किसिंजर! आणि समई लावायला मी?

श्यामसुंदर: वहिनी, हळू बोल. बाहेर ऐकू जातंय.

नीला: जाऊ दे. एकाहत्तरच्या लढाईत तुमचा दादा बोटीबरोबर बुडाला. तेव्हा पाकिस्तानच्या पाठीशी कोण होतं?

श्यामसुंदर: तोच होता, अमेरिकेचं धोरण तोच आखायचा. म्हणून तर बोलायचं. त्याचं डोकं कसं चालायचं, ते कळायला नको?

नीला: कळू दे की! पण काल जेवताना तुम्ही म्हणालात, "काय डोकं आहे बुवा!" मी ताट तसंच सारून उठले.

श्यामसुंदर: अगं, पोट बिघडल्याचं सोंग करून पाकिस्तानातून गुपचूप चीन गाठला त्याने, रशियाला शह द्यायला. तिकडे पूर्व बंगालमध्ये पाकिस्तानी लष्कराची कत्तल चालली होती, तरी पाकिस्तानला दुखावलं नाही. वाईट आहे, पण वेडेपणा नाही. त्याच्या लेखी आधी जगाची घडी बसायला हवी, न्याय मागाहून.

नीला: मागाहून म्हणजे कधी?

श्यामसुंदर: वहिनी, प्लीज. आत्ता समई लाव. घरी गेल्यावर काय ते भांडू. लोकांसमोर शोभा नको.

नीला: म्हणजे आधी घडी, न्याय मागाहून. शिकलात की चांगलं!

नंदकुमार: (दारातून) सर, झालं का? अध्यक्ष घड्याळ बघतायत, चिटणीस म्हणून बोलणी मलाच बसणार. वहिनी, चला ना.

नीला: थांबा जरा, नंदकुमार. भाऊजी, हे गेल्यापासून मला कुणी हळदीकुंकवालासुद्धा बोलावलं नाही. आज समई लावायला बोलावलं म्हणून ठेवणीतली साडी काढली. आता खरं सांगा. तो माणूस बरोबर होता?

श्यामसुंदर: त्याच्या देशापुरतं म्हणशील तर... हो. आणि वहिनी, आपले लोकही असे हिशेब करतातच गं. दादाला पाठवणाऱ्यांनीही केला असेल. किती बोटी जातील, किती माणसं.

नंदकुमार: अहो सर, काय बोलताय हे!

नीला: बोलू दे त्यांना. इतक्या वर्षांत सगळे नुसतं वीरपत्नी वीरपत्नी करत आले. हे कुणी सांगितलं नव्हतं.

श्यामसुंदर: चुकलं माझं. विषय बदलतो. आयत्या वेळी दुसरं काहीतरी बोलेन.

नीला: अजिबात नाही. हेच बोला, आत्ता बोललात तसंच. समई मात्र अध्यक्षांना लावू दे.

श्यामसुंदर: आणि तू घरी जाणार?

नीला: नाही. पुढेच बसते, तुमच्यासमोर.