फुग्यासाठी जनरेटर

नाही, तुम्हीच सांगा, यात माझं काय चुकलं? उठतो तो मलाच बोलतो! तुम्हाला सांगतो, आमचे सगुणभावोजी, इब्रामपूरचे, माझ्या धाकट्या बहिणीचे, गंगाचे यजमान. छाती उघडून हृदयाचं ऑपरेशन झालं, पणजीकडच्या मोठ्या हॉस्पिटलात. डॉक्टर बाहेर आले, म्हणाले, "ऑपरेशन नीट झालं, पण हृदय अजून जोर धरत नाही. म्हणून मांडीच्या शिरेतून नळी घालून छातीतल्या मोठ्या नसेत फुगा ठेवलाय. मशीन तो फुगवतं, मिटवतं, तेवढाच हृदयाला आधार." गंगा देवाचं नाव घेऊ लागली. आणि मी विचारलं... कोणीतरी विचारायला नको?... "मशीन चालतं कशावर?" म्हणाले, "विजेवर." झालं! आणि करंट गेला तर?

हसू नका! आमच्या डिचोलीत ढग नुसता दिसला तरी करंट जातो, शेजारच्या सर्वण गावात तर ढगाचीसुद्धा वाट बघत नाहीत! माझा जनरेटर भाड्याने द्यायचा धंदा उभा आहे कशावर? श्रद्धा नावाची नर्स, गोड आवाजात, "काका, मशीनला बॅटरी आहे." बॅटरी उतरली तर? "हॉस्पिटलचा जनरेटर आहे ना." तो चालू झाला नाही तर? "दुसरा आहे." बाई गं, मी याच धंद्यात आहे, दुसरा जनरेटर हा कायम दुरुस्तीला गेलेला असतो!

मग काय, इब्रामपूरच्या जत्रेच्या नाटकाला ठरलेला माझा मोठा जनरेटर पिकअपवर चढवला आणि आणून लावला थेट हॉस्पिटलच्या गेटावर. वॉचमन म्हणतो, "कोणाचें लगीन हांगा?" म्हटलं, लगीन नाही रे बाबा, आत माझ्या बहिणीचं कुंकू फुग्यावर आहे! "आसूं दी. हांगा पार्किंग ना." तो म्हणतो हलव, मी म्हणतो करंट गेला तर? तो म्हणतो हलव, मी म्हणतो...

आत डॉक्टर मशीनचा आधार कमी करत आणत होते. आधी दर ठोक्याला, मग एक सोडून एक, मग त्याहून कमी... गंगा फोनवर सांगायची आणि मी इथे डिझेल तपासायचो. खरं सांगतो, घाबरलो होतो हो. माणूस आत, आणि मला येतं ते एवढंच.

शेवटी फुगा निघाला. हृदय आपलं आपण चालायला लागलं. आणि करंट? एकदा, एकदासुद्धा गेला नाही!

गेला तो इब्रामपुरात. राजा सिंहासनावर टेकतोय, आणि काळोख! लोक चटया गुंडाळून घरी. आणि त्या नाटकासाठी जनरेटर ठरवला होता कोणी? भावोजींनी! शुद्धीवर आले, घशातली नळी निघाली, पहिला प्रश्न, "जत्रा कशी जाली?" आणि कोणा शहाण्याने खरं सांगितलं!

डॉक्टरांनी बजावलंय, यांना राग येऊ देऊ नका. घरी आणल्यावर मी केळी घेऊन गेलो. मला बघताच ओरडले, "तो भायर!" गंगाने दारातच हात जोडले, "दादा, तूं येव नाका रे. तुका पळयलो की तांचें काळीज धांवता."

म्हणजे मला नुसतं बघितलं तरी यांचं काळीज धावतं! मशीन सुटलं, गोळ्या कमी झाल्या, जेवणात थोडं मीठसुद्धा परत आलं... पथ्य म्हणून आता एकटा मीच उरलोय.