इटलीतला चातुर्मास

कांदेनवमीची सकाळ होती. चातुर्मास लागायच्या आधी भरीत खाऊन घ्यावं म्हणून तुमसरच्या बाजारात वांग्यांवर नुसती झुंबड. बपेऱ्याच्या एसटीत, गावी परतणाऱ्या गुंजनच्या पुढच्या सीटवर तिच्याच गावच्या देवकाबाई वांग्यांची भलीमोठी पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. शेजारणीनं विचारलं,

"तुमची सून इटलीत चातुर्मास धरते का वो?"

"कुठची धरते! मागच्या साली फोनवर म्हटलं, आता चार महिने वांगे बंद. तं म्हणते, आई, इथं उन्हाळ्यात पाण्याचा थेंब पडत नाही. पावसाळा हिवाळ्यात लागते."

"अवं माय! मंग धानाचा रोवणा कवा करतेत?"

"धान कायचं! जैतुनाची झाडं न् खुरटी झुडपं. पानं चामड्यावानी जाड, म्हणून उन्हात जगतेत म्हणे."

"मंग हिवाळ्यात धर म्हणावं चातुर्मास."

"म्हटलं ना! हिवाळ्यात फोन केला, तं म्हणते, आई, कॅलेंडर पाहा, आता कुठचा आषाढ?"

"मोठी चालू निघाली!"

"मले तं भलताच राग आला होता."

"होता? आता नाही?"

देवकाबाईंनी आवाज बारीक केला. गुंजन पुढे वाकली.

"पोरानं माहं तिकीट काढलं. उद्या जाऊन राहिली. दिवाळी झाली का वापस येईन."

"म्हणजे इथं पाणी पडते तवा तुम्ही तिथं, न् तिथं पडते तवा इथं?"

"हो. मंग चातुर्मास लागतेच कुठं!"

"मंग एवढे वांगे कायले घेतले?"

"सुनेनं आणाले सांगितले. तिथच्या वांग्याले चव नाही म्हणते."