काही न करण्याचा व्यायाम

नाही, पण मला एक सांगा, काही न करणं हा व्यायाम कसा असेल हो? मी काही शिकलेला माणूस नाही. आयुष्यभर गोदामात पोती वाहिली. तिथं पोतं पाठीवर घ्यायचं तर शेजारच्याला म्हणायचं, ‘जरा हात लावा,’ आणि चालू लागायचं. मध्येच खाली बसला की मुकादम ओरडायचा, ‘काय रे, झोपायला आलास?’ आणि आता जिममधली मास्तरीण, माझ्या नातीच्या वयाची पोर, मला ओरडते, ‘आजोबा, आज का आलात? आज झोपायचं!’

म्हणजे... कुणाचं खरं मानायचं?

तुम्ही म्हणाल, या वयात जिम कशाला? अहो, हौस नाही! हिच्या मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, घरी आणली. तर खुर्चीतून उठवायला माणूस लागतं. मी धरायला गेलो आणि तुम्हाला सांगतो, ज्या हातांनी पोती उचलली त्या हातांना ही उचलेना. दोघंही खुर्चीत! ही हसायला लागली, पण लेकीनं पाहिलं ना. म्हणाली, ‘बाबा, तुम्हाला झेपायचं नाही. महिनाअखेरीला येते, तोवर आईला उठवता आलं नाही तर तिला माझ्याकडे नेते.’

नेते? आणि मी काय भिंतींशी बोलू?

म्हणून जिम. मास्तरीण फार गोड हो. हातात इवलंसं डंबेल दिलं, म्हणाली, ‘आज उचला, उद्या विश्रांती. उचलताना स्नायू दमतात आजोबा, वाढतात ते आराम करताना.’ मी म्हटलं, ‘मग नुसता आरामच केला तर?’ तर म्हणाली, ‘तसं नाही.’ मग कसं? काही न करणं हा व्यायाम, पण नुसतं काही न करणं हा व्यायाम नाही... डोकं गरगरलं माझं!

इकडे महिना संपत आलेला. मी विचार केला, एक दिवसाआड उचलून एवढं, तर रोज उचलून दुप्पट! साधा हिशोब आहे की नाही? मग विश्रांतीच्या दिवशी घरातच सुरू केलं. पाण्याची बादली झाली, गव्हाचा डबा झाला, शेवटी गॅसचं सिलिंडर. स्वयंपाकघरातून दारापर्यंत, दारापासून परत. ही पलंगावरून विचारते, ‘अहो, त्या सिलिंडरला रोज कुठं फिरायला नेता?’ मी म्हटलं, ‘तू पडून राहा. डॉक्टरांनी सांगितलंय, चार पावलं टाकायची आणि मग आराम.’ आणि ही पडून राहायची हो! चार पावलं टाकायची, पडायची. उठायची, पडायची. मला आपली तिची कीव यायची...

आला तो दिवस. लेक दारात, चप्पलसुद्धा काढलेली नाही. ‘हं बाबा, उठवा आईला खुर्चीतून.’

मी वाकलो. हात पुढं केले. हात आलेच नाहीत! खांदे म्हणतात नाही, कंबर म्हणते कट्! मी जो वाकलो तो वाकलेलाच. लेक म्हणते, ‘बाबा, काय झालं?’ मी म्हटलं, ‘काही नाही, फरशी बघतोय.’

आणि तेवढ्यात, तुम्हाला सांगतो, समोरची खुर्ची करकरली. ही उठली! आपली आपण, खुर्चीच्या हातांना धरून, ताठ! माझ्या दंडाला धरलं आणि म्हणाली, ‘या, सावकाश. बसा इथं.’ आणि मला तिच्या खुर्चीत बसवलं!

लेक बघतच राहिली. म्हणाली, ‘मग आता आईला नको, बाबांनाच नेते!’ तर ही काय म्हणाली ठाऊक आहे? ‘राहू दे गं. इथंच बरे आहेत. मी उचलीन त्यांना.’

म्हणजे जिनं आराम केला ती उभी, आणि जिममध्ये गेलो तो मी आडवा! मास्तरिणीला फोन केला, तर पोर रागावलीसुद्धा नाही. म्हणाली, ‘आजोबा, आता आठवडाभर काही म्हणजे काही करायचं नाही.’ सिलिंडर हिनं शेजारणीकडून दाराबाहेर ठेवून घेतलंय, आणि स्वतः समोर बसून पहारा देतेय. कूस बदलली तरी म्हणते, ‘अहो!’

पण काही न करणं, तुम्हाला सांगतो, फार जड आहे हो. एकट्याला नाही उचलत...

जरा हात लावता का?