इनासचे खांदेकरी

सन १८८३ची गोष्ट. ठाण्याच्या सरकारी दवाखान्याच्या ओसरीवर काशिनाथपंत आपल्या पाळीची वाट पाहत बसले होते. कलेक्टर कचेरीतून पेन्शन घेऊन त्यांना दोन वर्षं झाली होती. घरी फक्त बायको होती, मूलबाळ नव्हतं. बाकाच्या दुसऱ्या टोकाला दोन म्हातारे बसले होते, किरिस्तांव शेतकरी इनास आणि कोपरच्या मिठागरात राबणारा हाशा. पंतांनी डोळे मिटले होते. कान मात्र उघडे होते.

"डॉक्टर काय बोलला, इनास?"

"काळीज थकलंय बोलला. तूप बंद, डुकराचं मटण बंद."

"मग भ्यालास?"

"कशाला? चर्चच्या मंडळीत नाव हाय माझं. मेलो की सगल्यांनी यायचं, खांदा द्यायचा. नियमच हाय."

"तुला तर पोरगा नाय."

"म्हणून तर नाव घातलं."

"पण तुझा भाऊ पास्कू? बांधावरनं भांडलात. अकरा वर्षं बोलत नाय तुझ्याशी."

"त्याचं बी नाव हाय मंडळीत. पयला खांदा त्याचाच. अनवाणी चालायचं, पार कबरस्तानापर्यंत."

"आन् ते सर्गाचं? खरं मानतोस?"

"ते फादरला ठावं. खांद्याचं मला पक्कं ठावं."

"बरं, तूप तरी सोडशील ना?"

"तूप सोडून हलका होऊ? पास्कूला सुखानं न्यायला?"

तेवढ्यात कंपाउंडरने पंतांच्या नावाने हाक दिली.

"त्यांना आधी जाऊ द्या," पुढच्या माणसाकडे बोट दाखवत पंत म्हणाले, आणि बाकावर जरा इनासच्या बाजूला सरकून बसले.