काल वीज कोणी घालवली

दातांच्या दवाखान्यात गाल धरून बसलेल्या मास्तरांच्या कानावर शेजारच्या दोघींचं बोलणं पडत होतं.

“काल दिवसभर वीज नव्हती. कोणी घालवली देव जाणे.”

“माझ्या सुनेनं.”

“म्हणजे?”

“वीजकेंद्रात इंजिनिअर आहे ती. ट्रान्सफॉर्मरच्या बुशिंगला तडा दिसला तिला.”

“बुशिंग म्हणजे काय हो?”

“टाकीतून तार बाहेर येते ना, तिच्याभोवतीची चिनीमातीची नळी. तिच्यामुळे वीज टाकीच्या पत्र्यात उतरत नाही. वरून फोन आला, संध्याकाळपर्यंत थांबा. ही थांबली नाही, लगेच वीज तोडली.”

“लोकांनी शिव्या घातल्या असतील.”

“मीही घातल्या. पण ते बुशिंग काढायला गेले, तर हातातच दुभंगलं.”

“अगंबाई. मग सुनेला काय म्हणालात?”

“म्हणायचं काय? आज तिचा डबा मी भरला.”